रसिकाचा पत्ता कुणाच्या वहीत?



ज्या कलाशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे अनेक विद्यार्थी आज या सभागृहात आहेत. त्यांनी शिकवलेली रेषा तुमच्या हातात आहे. पण ती रेषा कागदावर उतरल्यानंतर तो कागद कुणाच्या घरी जाणार, हा प्रश्न कुठल्याच कला महाविद्यालयात फारसा शिकवला जात नाही. तालमीनंतरच्या चहाच्या टपरीवर या प्रश्नाची भरपूर चर्चा होते, व्यासपीठावर मात्र कुणी तो काढत नाही. म्हणून मी आज तोच विषय मागून घेतला. काम केले, मनापासून केले. आता ते लोकांपर्यंत न्यायचे कसे? आणि त्याच कामावर घर चालवायचे कसे?

आपल्याकडे जाहिरात, विक्री, बाजार हे शब्द कलेच्या जवळ आणले की अवघडल्यासारखे होते. चांगली कला आपोआप पोहोचते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. खरेच पोहोचते का? लांब जायला नको, अजिंठा-वेरूळच्या आपल्याच जिल्ह्यात पाहू.

वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकातले, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातले. पुढे इसवी सन ८१२ च्या सुमारास दिलेल्या बडोद्याच्या ताम्रपटात त्याचे वर्णन आले आहे. विमानातून जाणारे देव हे लेणे पाहून थक्क होतात. इतकेच नाही, तर ते घडवणारा शिल्पीच विचारात पडतो, की हे माझ्या हातून झाले तरी कसे, पुन्हा असे मला जमणार नाही, अशा अर्थाचा तो मजकूर आहे. काम पुरे झाल्यावर कलावंताच्या मनात जे होते, ते त्या लेखनिकाने किती अचूक ओळखले! पण त्याने त्या शिल्प्याचे नाव लिहिले नाही. राजाचे नाव लिहिले. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात जा. वाकाटक राजा हरिषेण, त्याचा मंत्री वराहदेव, त्याने हे लेणे करवले, असा लेख तिथे भिंतीवर आहे. भिंती ज्यांनी रंगवल्या त्यांच्याबद्दल तो काही सांगत नाही.

मग शिल्प्याचे एखादे नाव कुठे राहिले आहे का? राहिले आहे, पण ते लोकांच्या कथेत. ‘कथाकल्पतरू’ या जुन्या मराठी ग्रंथात एक गोष्ट आहे. राजा आजारी पडतो. राणी घृष्णेश्वराला नवस बोलते, की राजा बरा झाला तर देऊळ बांधीन आणि देवळाचे शिखर डोळ्यांनी पाहीपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा होतो. आता शिखर दिसायला वर्षे लागणार, तोवर राणी जगेल कशी? सगळे शिल्पी हात टेकतात. तेव्हा पैठणचा कोकस पुढे येतो, आठवड्याच्या आत शिखर दाखवतो म्हणतो, आणि डोंगर वरून खाली खोदायला घेतो. पहिल्यांदा शिखरच तयार होते. ही गोष्ट मी इतिहास म्हणून सांगत नाही. पण बघा, राजाच्या ताम्रपटाने ज्याचे नाव गाळले, त्याला लोकांनी नाव दिले, गावही दिले.

माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीशी जोडलेले आहे. कलावंत आणि लोक यांच्यात जो उभा असतो, तो स्वतःचे नाव आधी लिहितो. तो दुष्टच असतो असे नाही. वराहदेव नसता तर सोळावे लेणे नसते. पण लोकांपर्यंत जायचा रस्ता पूर्णपणे त्याच्या हातात गेला, की कलावंताचे भवितव्यही त्याच्याच हातात जाते. आपल्या कामाचा रसिक कोण, तो राहतो कुठे, त्याला आपण पुन्हा कसे बोलावणार, हे ज्याच्या वहीत लिहिलेले असते, तो खरा मालक. आज राजे नाहीत. पण अनुदान, सरकारी महोत्सव, मुंबईची आर्ट गॅलरी, मालिकेचा निर्माता, मोबाइलवरची कंपनी यांच्या दाराशी आपण तसेच उभे आहोत. रसिकाचा पत्ता त्यांच्याकडे आहे. आपल्याकडे का नाही?

‘आपली माणसे अरसिक आहेत’ हे उत्तर मी मान्य करत नाही. या मातीत कलावंताने स्वतः आपला रसिक शोधल्याची, बोलावल्याची, घडवल्याची उदाहरणे एकामागून एक आहेत. त्यांतली काही आज सांगतो. सगळी सांगायची तर ही व्याख्यानमाला महिनाभर चालवावी लागेल.

सुरुवात पैठणपासूनच करावी लागते. सोळाव्या शतकात एकनाथ महाराज ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करत होते, भागवतावर टीका लिहीत होते. इतक्या मोठ्या विद्वानाने भारुडे का लिहावीत? पहाटे वासुदेव दारात येत होता, गोंधळी येत होते, जोशी, भुत्या, जोगवा मागणारी येत होती. लोक त्यांना ओळखत होते, त्यांची बोलण्याची ढब ओळखत होते, त्यांच्यासाठी दार उघडत होते. नाथांनी आपला विचार त्या ओळखीच्या माणसांच्या तोंडी घातला. लोकांनी माझ्या भाषेपर्यंत चढून यावे, अशी अट घातली नाही. आणि विचार पातळ केला का? मुळीच नाही. भारुडातला अध्यात्माचा अर्थ समजून घ्यायला आजही अभ्यास लागतो. मी तरुण कलावंतांना नेहमी म्हणतो, ‘सोपे करा’ आणि ‘ओळखीचे करा’ या दोन वेगळ्या सूचना आहेत. पहिली ऐकू नका, दुसरी जरूर ऐका.

आता आपल्यातल्या पुष्कळांनी प्रत्यक्ष पाहिलेले उदाहरण. प्राध्यापक लक्ष्मण देशपांडे. आपल्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाचे प्रमुख. १९७९ मध्ये त्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ रंगभूमीवर आणले. लेखन त्यांचे, दिग्दर्शन त्यांचे, आणि रंगमंचावर ते एकटे. जवळजवळ तीन तास, बावन्न पात्रे. पुढे हजारो प्रयोग, देशात आणि परदेशात. गिनेस बुकात नोंद. हे सगळे तुम्हाला माहीत आहे. मला त्यातल्या दोन गोष्टींकडे तुमचे लक्ष वेधायचे आहे, कारण त्या आजच्या प्रश्नाच्या मुळाशी जातात.

पहिली गोष्ट बोलीची. तो काळ आठवा. मराठी नाटक म्हणजे मुंबई-पुणे, आणि त्या नाटकात मराठवाड्याची बोली आली तर ती गड्याच्या, नाही तर भोळ्या पाहुण्याच्या तोंडी. देशपांडे सरांनी ती बोली नाटकाच्या मधोमध बसवली. आपल्याकडच्या खेड्यातले कुटुंब लग्नासाठी लंडनला निघते, विमानात बसते, साहेबाच्या देशात उतरते, आणि जगाकडे स्वतःच्याच बोलीतून पाहते. खेडवळ माणसाला हसण्यासाठी हा प्रयोग नव्हता, त्याच्या नजरेने जग पाहण्यासाठी होता. त्यामुळे परभणीच्या प्रेक्षकाला वाटले, हे माझ्या मामाचे, माझ्या चुलत्याचे बोलणे. आणि पुण्याच्या प्रेक्षकाला वाटले, असे तर आम्ही ऐकलेच नव्हते! दोघेही आले. जाता जाता सांगतो, या शहराला ही गोष्ट नवी नाही. वली, ज्याला पुष्कळ लोक वली औरंगाबादी म्हणून ओळखतात, तो दखनीत लिहिणारा कवी. त्याचा दिवाण १७२० मध्ये दिल्लीला पोहोचला, तेव्हा वली हयात नव्हता. पण फारसीत लिहिणारे दिल्लीचे कवी त्यानंतर आपल्या बोलण्यातल्या भाषेकडे वळले. दक्षिणेतल्या बोलीचे उदाहरण राजधानीने उचलले. आपल्या ठिकाणची भाषा आपल्याला लहान करते, हा समज सोडून द्यायला एवढे पुरे आहे.

दुसरी गोष्ट व्यवहाराची, आणि ती कुणी बोलत नाही. नाटकाचा प्रयोग महाग का होतो? नटसंच, नेपथ्य, सामानाचा ट्रक, सगळ्यांचा प्रवास, मुक्काम, जेवण. पंधरा-वीस माणसांचे नाटक जालन्याहून अंबाजोगाईला नेईपर्यंत आयोजकाच्या खिशातले पैसे संपतात. मग नाटक मोठ्या शहरापुरते उरते. देशपांडे सरांच्या प्रयोगाला काय लागत होते? एक माणूस, एक उपरणे आणि एक रंगमंच. ते उपरणे खांद्यावर आले की एक पात्र, डोक्यावर आले की दुसरे, आणि पदरासारखे घेतले की बाई उभी. म्हणून हा प्रयोग महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाला परवडत होता, गणेशोत्सवाला परवडत होता, तालुक्याच्या वाचनालयाला परवडत होता. कलेचा आकारच असा होता, की ती माणसांपर्यंत चालत जाऊ शकत होती. ध्वनिफितीवर ती आणखी पुढे गेली. ज्यांनी प्रयोग पाहिला नव्हता, त्यांनाही पात्रांची नावे पाठ होती. २००९ मध्ये सर गेले. पुढे संदीप पाठक यांनी तोच एकपात्री प्रयोग पुन्हा उभा केला, आणि लोक पुन्हा आले. याला मी मार्केटिंग म्हणतो. जाहिरातीचा फलक नंतर येतो. कलाकृती घडत असतानाच ती कुणापर्यंत, कशी, किती खर्चात जाणार याचा विचार तिच्या बांधणीत असतो.

याचा अर्थ सर्वांनी एकपात्री करावे असा नाही. प्रशांत दळवी, चंद्रकांत कुलकर्णी यांची ‘जिगीषा’ ही नाट्यसंस्था याच शहरात उभी राहिली आणि मुंबईला गेली. तो रस्ताही खरा आहे, त्या मंडळींनी मराठी रंगभूमीला मोठे काम दिले. पण प्रत्येकाला मुंबईला जाता येत नाही, आणि प्रत्येकाने जाऊही नये. इथे राहून काय करता येते, ते मला पाहायचे आहे.

इथे राहून काय करता येते, याचे सर्वांत मोठे उदाहरण माझ्या मते ‘अस्मितादर्श’. गंगाधर पानतावणे सर मिलिंद महाविद्यालयात आणि मग विद्यापीठात मराठी शिकवत. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी हे त्रैमासिक सुरू केले. त्या वेळची परिस्थिती लक्षात घ्या. दलित तरुण लिहू लागला होता. त्याचे लिखाण छापणारी नियतकालिके मोजकी, ते विकत घेणारा वाचक आहे की नाही हे कुणालाच ठाऊक नाही. प्रस्थापित संपादक म्हणत, याला वाचक कुठे आहे? पानतावणे सरांनी वाचक असण्याची वाट पाहिली नाही. त्यांनी तो गोळा केला. शिक्षक, कारकून, वसतिगृहातली मुले, बँकेत नुकता लागलेला घरातला पहिला पगारदार, असा तो वाचक. वर्गणी भरणारा, अंक दुसऱ्याला वाचायला देणारा, आणि काही काळाने स्वतःच लेख पाठवणारा.

आणि त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी मला फार मोलाची वाटते. अस्मितादर्शचे लेखक-वाचक मेळावे. वेगवेगळ्या गावांत भरणारे. नावातच लेखक आणि वाचक शेजारी शेजारी आहेत. व्यासपीठावर एक जण, समोर हजार जण आणि मधे दोरी, असा तो प्रकार नव्हता. ज्याची कविता अंकात आली तो तिथे होता, ज्याने ती वाचून पत्र लिहिले तोही होता. कितीतरी वाचक अशा ठिकाणी लेखक झाले. हे त्रैमासिक कुठल्याही मोठ्या भांडवलाशिवाय जवळजवळ पाच दशके चालले. पानतावणे सर २००९ मध्ये सॅन होजे इथल्या पहिल्या विश्व मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण मला विचाराल, तर त्यांची खरी कमाई ती वर्गणीदारांची यादी होती. तिच्यात रसिकाचा पत्ता होता. अक्षरशः पत्ता: नाव, गाव, पोस्ट, तालुका.

तुमच्याकडे अशी यादी आहे का? मी चित्रकारांना विचारतो, तुमचे चित्र आजवर कुणी कुणी विकत घेतले? आठवून सांगतात, ‘एक डॉक्टर होते, एक पुण्याची बाई होती.’ डॉक्टरांचे नाव? आठवत नाही. त्या बाईंचा नंबर? जुन्या मोबाइलमध्ये होता. अहो, जिने तुमच्या चित्रासाठी पर्समधून पैसे काढले, घराच्या भिंतीवर तुम्हाला जागा दिली, ती बाई तुमच्यासाठी कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठी आहे! तिला पुढच्या प्रदर्शनाची पत्रिका गेली पाहिजे. दिवाळीला तुमच्या हातचे छोटे रेखाचित्र गेले पाहिजे. ‘चित्र अजून दिवाणखान्यातच आहे ना?’ असा एक फोन गेला पाहिजे.

आता थोडे मागे जाऊन एका गायकाविषयी बोलतो. विष्णु दिगंबर पलुसकर. कुरुंदवाडचे. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. १८९६ मध्ये मिरज सोडून बाहेर पडले. तोवर गवई म्हणजे दरबारचा किंवा एखाद्या श्रीमंताच्या माडीवरचा. पलुसकरांनी सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर मैफल केली. जो दोन पैसे देईल तो ऐकेल, मग तो कुणीही असो. केवढी मोठी गोष्ट आहे ही! तिकिटामुळे गाणे विकाऊ झाले, असे आपण पटकन म्हणतो. इथे उलट झाले. तिकिटामुळे गाणे संस्थानिकाच्या ताब्यातून सुटले.

५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. स्वरलिपी तयार केली, पुस्तके छापली, विद्यार्थी घडवले. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही त्यांतलीच नावे. पण त्यांच्या वर्गात बसणारा प्रत्येक जण गायक होणार नव्हता, हे त्यांना माहीत होते. त्यांना ऐकणाराही घडवायचा होता. मुंबईतली त्यांच्या संस्थेची इमारत पुढे कर्जापायी गेली. हे दुःखद आहे, आणि पैशाचा हिशेब न पाहणाऱ्या प्रत्येक कलावंताने ते लक्षात ठेवावे असे आहे. तरीही १९३१ मध्ये ते गेल्यावर त्यांच्या शिष्यांनी संगीताच्या परीक्षा घेणारे गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले, आणि आज आपल्या शहरातल्या गल्लीत कुणाची तरी मुलगी ‘प्रवेशिका प्रथम’च्या परीक्षेसाठी भूप घोटते आहे. ती मोठी होऊन बँकेत लागेल, दवाखाना काढेल. पण तिकीट काढून मैफलीला येईल. हा श्रोता शंभर वर्षांपूर्वी पेरलेला आहे.

ऐकणारा घडवणे, पाहणारा घडवणे: यासाठी मी तुम्हाला पैठणीकडे नेतो. आपल्याच पैठणची पैठणी, आणि बाजारपेठ मात्र बरीचशी येवल्याने मिळवली. का? येवल्यात गिऱ्हाईक विणकराच्या घरापर्यंत जाते. माग दिसतो, बाण्याच्या कांड्या दिसतात, एका पदरावर बसून राहिलेला माणूस दिसतो. हे पाहिल्यावर किमतीसाठी घासाघीस करणारी जीभ आपोआप मंदावते. पैठणलाही केंद्र आहे, माग आहेत, कुशल हात आहेत. पण आपल्या जिल्ह्यात अजिंठा-वेरूळ पाहायला जग येते, त्यातल्या किती जणांची पावले त्या मागापर्यंत वळवली जातात?

पैठणीला भौगोलिक मानांकन मिळून दशकाहून अधिक काळ झाला. तरीही यंत्रमागाची साडी ‘पैठणी’ म्हणून राजरोस विकली जाते आणि लोक घेतात. लोकांना फसवले जाते हे खरेच, पण लोकांना ओळखायला कुणी शिकवले? शिकवायला दोन मिनिटे लागतात. पदर हातात घ्या आणि उलटा करा. हातमागावरच्या पैठणीत काठ-पदरावरचा मोर, मुनिया, आसावली जशी सुलट बाजूने तशीच उलट बाजूने, कारण तिथे प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या जागेपुरता विणून शेजारच्या धाग्यात अडकवलेला असतो. यंत्रमागाच्या साडीत मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. एकदा ज्या बाईने पदर असा उलटून पाहिला, ती पुढच्या प्रत्येक लग्नात तो उलटून पाहणार आणि शेजारणीला दाखवणार. यापेक्षा चांगली जाहिरात कोणती? हिमरूचेही तसेच. सूत आणि रेशीम यांचा तो मेळ या शहराच्या नावाने जगभर ओळखला गेला. आज तो विणणारे हात थोडे उरले आहेत, आणि शहरातल्या पुष्कळ तरुणांनी हिमरूचा कपडा बोटांनी कधी चाचपलेलाही नाही.

चित्रकारांनो, तुमच्या कामातला ‘उलटा पदर’ कुठला? जलरंगात कागद कोरा सोडून पांढरा रंग कसा मिळतो, हे तुम्ही तुमच्या गिऱ्हाइकाला कधी दाखवले? तबलजींनी, तिहाई समेवर कशी येते, हे श्रोत्यांना टाळ्या वाजवायला लावून कधी समजावले? कलेचे गूढ यामुळे कमी होत नाही. ज्याला कष्ट कळतात, तो किंमतही समजतो.

किमतीचा विषय निघालाच आहे, तर स्पष्ट बोलतो. राजा रविवर्मा यांना १८८४ मध्ये माजी दिवाण टी. माधवराव यांनी सुचवले, की मूळ तैलचित्रे थोड्यांनाच मिळणार, त्यांच्या छापील प्रती काढा. दहा वर्षांनी, १८९४ मध्ये, मुंबईत छापखाना निघाला. लक्ष्मी आणि सरस्वती मराठी घराच्या देव्हाऱ्यात गेल्या. बायकांनी त्या चित्रांवर जरी लावली, टिकल्या चिकटवल्या. मूळ चित्र एका महालात, आणि प्रत एका चाळीच्या खोलीत: दोघांनाही मान. पण छापखाना तोट्यात गेला, मळवलीला हलवला, आणि शेवटी त्याच्या जर्मन तंत्रज्ञाच्या, श्लायशरच्या, हाती गेला. चित्रे पुढेही छापली जात राहिली, मालक मात्र बदलला. म्हणून दोन्ही धडे एकत्र घ्या. मोठ्या चित्राबरोबर छोटी प्रत ठेवा, कॅलेंडर ठेवा, शंभर-दोनशे रुपयांचे काही तरी ठेवा, म्हणजे विद्यार्थ्यालाही तुमचा रसिक होता येईल. आणि प्रत काढण्याचा हक्क कागदावर कुणाचा आहे, ते आधी वाचा. त्याच छापखान्यात काम केलेले दादासाहेब फाळके १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट घेऊन निघाले. सुरतला लोक म्हणत, नाटक कितीतरी तास चालते आणि तिकीटही स्वस्त, हा दीड तासाचा खेळ कशाला पाहायचा? तेव्हा फाळक्यांनी जाहिरातीत फिल्मची मैलांतली लांबी आणि छायाचित्रांची हजारांतली संख्या सांगितली, आणि एवढे सगळे तीन आण्यांत, असा हिशेब मांडला, असे सांगतात. लोकांच्या मनात कोणती शंका आहे, ते त्यांनी ओळखले आणि तिलाच उत्तर दिले.

फुकट पासाविषयी एकच सांगतो. या शहरात नाटकाला पास मागणारे पुष्कळ आहेत, देणारेही. पास घेऊन आलेला प्रेक्षक मध्यंतरात उठून जातो. तिकीट काढून आलेला शेवटपर्यंत बसतो. विद्यार्थ्याला सवलत द्या, पन्नास रुपये घ्या, वीस घ्या. पण घ्या.

आता मोबाइल. आजचा तरुण म्हणेल, सर, आमचे तीस हजार फॉलोअर आहेत. चांगले आहे, वापरा. काम होत असतानाचे चित्रण टाका, बोलीत बोला, नियमित टाका. पण त्या तीस हजारांतल्या तीस जणांची नावे तुम्हाला माहीत आहेत का? ते तुमच्या शहरात राहतात की नाही, हे माहीत आहे का? उद्या त्या कंपनीने नियम बदलला, तुमचे खाते बंद केले, तर त्यातल्या कितींना तुम्ही हाक मारू शकाल? पूर्वी पत्ता राजाकडे होता, आता कंपनीकडे आहे. म्हणून मोबाइलवर भेटलेल्या माणसाला एकदा तरी प्रत्यक्ष बोलवा. स्टुडिओत बोलवा, तालमीला बोलवा. महिन्यातला एक रविवार ठरवून दार उघडे ठेवा. पहिल्या रविवारी चार माणसे येतील. त्या चारांची नावे वहीत लिहा.

शेवटी या शहरापुरते काही मागणे आहे. दरवर्षी १४ जानेवारीला, नामविस्तार दिनी, विद्यापीठाच्या गेटवर काय दृश्य असते ते तुम्ही जाणता. १९९४ मध्ये विद्यापीठाच्या नावात बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आले, तेव्हापासून हे चालू आहे. लेकरांना खांद्यावर घेऊन मराठवाड्यातली माणसे येतात, गेटपुढे नतमस्तक होतात, आणि मग पुस्तकांच्या स्टॉलकडे वळतात. पातळ गाण्यांच्या पुस्तिका, बाबासाहेबांचे ग्रंथ, चरित्रे, प्रतिमा, कॅलेंडरे. कमरेच्या पिशवीतून नोटा काढून पुस्तक घेणारी आजी मी तिथे पाहिली आहे. तिला स्वतःला वाचता येत नव्हते, नातीसाठी घेत होती. वामनदादा कर्डकांची गाणी कुठल्या सभागृहाने गावोगाव नेली नाहीत. अशा गर्दीने, जयंतीने, गायन पार्ट्यांनी नेली. आपल्याकडे रसिक नाही, असे म्हणणाऱ्याने त्या दिवशी गेटवर तासभर उभे राहावे.

त्या गर्दीत पुस्तकांचे स्टॉल असतात. आपल्या शासकीय कला महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेल्या चित्रकारांचा एखादा स्टॉल का नसावा? छापचित्रे, छोटी रेखाटने, परवडणाऱ्या किमतीत, खाली चित्रकाराची सही, आणि टेबलावर एक वही. पैठणच्या नाथषष्ठीला वारकरी येतात. तिथे विणकरांनी माग उभा करून पदर उलटून दाखवावा. तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाने वर्षातून चार प्रयोग घ्यायचे ठरवले, तर दोन-तीन नटांची नाटके लिहिणारे तरुण आज या सभागृहात आहेत, मी त्यांना ओळखतो. आणि संयोजकांना विनंती: आज आलेल्या श्रोत्यांनी प्रवेशद्वाराशी नाव, गाव आणि फोन लिहिला आहे. त्यांची परवानगी घेऊन ती यादी शहरातल्या नाट्यसंस्थांना आणि चित्रकारांना द्यावी. नामविस्तार दिनाच्या स्टॉलसाठी जे चित्रकार तयार असतील, त्यांनी व्याख्यान संपल्यावर थांबावे. कोण काय आणणार, छपाईचा खर्च किती आणि तो कसा वाटून घ्यायचा, हे आपण इथेच बसून ठरवू.